अ‍ॅव्हरेज

सातपूरला, आमच्या क्वार्टरच्या मागे,
पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची मारुती
आणि तिच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत गेलेले अण्णा.
बाहेर फक्त दोन पाय, आणि एक स्लिपर.

पुंजाराम आहेर, टूलरूम, पहिली पाळी.
एका मिलिमीटरचे शंभर भाग करून
त्यातल्या दोन भागांसाठी भांडणारा माणूस.
त्याला कॅन्टीनमध्ये कुणीतरी सांगितलं
की लिटरभर पेट्रोलातला पावच हिस्सा चाकापर्यंत पोचतो,
बाकीचं नुसतं तापतं आणि निघून जातं.
त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.
"तीन हिस्से, शकू," आईला म्हणाले, "तीन हिस्से हवेला."
जणू घरातलंच कुणी
चोरी करताना सापडलं होतं.

मग सुरू झालं.
पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक, जुना स्पीकर फोडून काढलेलं.
सलाईनची बाटली,
थेंब थेंब पाणी कार्बोरेटरच्या घशात.
गाडीला ताप आलाय का हो, बागुलकाकूंनी कुंपणावरून विचारलं.
लोणच्याच्या बरणीत खायचा सोडा,
स्टीलच्या दोन पट्ट्या, बॅटरीची तार:
बुडबुडे आले, आम्ही टाळ्या वाजवल्या,
आणि आठवडाभर गाडीला मेथी-मोहरीचा वास.
सायलेन्सरला तांब्याच्या नळीचे सात वेढे घालून
पेट्रोल आधी कोमट करायचं ठरलं, त्या दिवशी
आईने वाळूची बादली आणून ठेवली
आणि दारात उभी राहिली. बोलली काहीच नाही.
संध्याकाळी वेढे निघाले.

मी नववीत. माझ्याकडे वही.
त्र्यंबक रोडच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची,
अंजनेरीच्या पायथ्याहून वळायचं,
परत तोच पंप, तीच नळी, शक्यतो तोच पोऱ्या.
चुंबक लावून सतरा पूर्णांक दोन.
चुंबक काढून सतरा पूर्णांक दोन.
सलाईन सतरा चार, पण वारा पाठीमागून होता.
बरणी सोळा नऊ.
आई मागे बसलेली नसताना सतरा पाच.
"हे लिहू नकोस," अण्णा म्हणाले.

एकदा मी सतराचे एकोणीस लिहिले.
अण्णा दुपारभर शीळ घालत होते.
चहा त्यांनी स्वतः केला.
मग संध्याकाळी पुन्हा गेले, एकटेच,
आणि आल्यावर, माझ्याकडे न बघता,
आकडा खोडून खाली बरोबर लिहिला.
खोडरबराचा चुरा हलकेच फुंकला.
त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

डिसेंबरात निफाडकडचा गारठा आमच्यापर्यंत आला.
नळाचं पाणी चावायचं.
इडलीचं पीठ दोन दिवस पातेल्यात
तसंच्या तसं, मख्ख.
त्या रात्री अण्णा चाचणी संपवून आले,
टायरमध्ये चार पौंड हवा जास्त, स्टेपनी घरी ठेवून,
उतारावर पाय उचलून, पाळण्याला झोका द्यावा तशी हाकत.
तरी सतरा दोन.
ते हात धुवायला गेले
तेव्हा आईने बॉनेट उघडलं,
गोधडीत गुंडाळलेलं पातेलं
एअर फिल्टरच्या शेजारी टेकवलं
आणि बॉनेट अलगद, आवाज न करता, लावलं.

सकाळी झाकण वर उचललं गेलं होतं.
पीठ कडेवरून उतरून
डिस्ट्रिब्युटरच्या वायरीपर्यंत आलं होतं.
आता ओरडतील, म्हणून मी दप्तर भरायला लागले.
अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले.
बोटाने थोडं पीठ पुसलं, वास घेतला.
"वही आण."
पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या हाताने नोंद केली:
एकोणीस डिसेंबर. अ‍ॅव्हरेज तेवढंच. पीठ फुगलं.

पुढचे दोन दिवस ते हिशोब करत होते,
पातेल्याचं वजन, पिठाचं वजन, गोधडीची जाडी,
तीन हिश्शांतला कितवा हिस्सा परत मिळाला.
उत्तर आलं की नाही, मला माहीत नाही,
पुढचं पान वहीत नाही.
इडल्या बावीस झाल्या.
चार बागुलकाकूंकडे गेल्या.